सहावी चौकट

"बाबा, तुझी खूण!" मुंगी ओरडली आणि मी हसलो. पुढचं सगळं सांगताना हे हसणं गाळावंसं वाटतं, पण हसलो हे खरं. रविवारची सकाळ होती. महिनाभर ज्या नव्या बागेचा विषय घरात रोज निघत होता, तिथे आम्ही चौघं शेवटी येऊन पोचलो होतो. मी, बायको, माझी आई आणि आठ वर्षांची मुंगी. बागेच्या मधोमध दगडाच्या जुन्या खाणीचा खड्डा तसाच ठेवला होता, तीन मजले खोल, तळाशी हिरवट पाणी, आणि या काठापासून त्या काठापर्यंत एक टांगता पूल. पुलाच्या तोंडाशी कठड्याच्या दोन गजांमधून डोकं घालून मुंगी खाली बघत होती. फळ्यांना खालून धरणाऱ्या हिरव्या लोखंडी चौकटी होत्या, आणि पहिल्याच चौकटीच्या एका नटावर, नटावरून पट्टीवर उतरलेली, पेरभर लांबीची पिवळी तिरकी रेघ होती. रेघेच्या शेवटी ठिपका. असा ठिपका आमच्या कारखान्यात मी एकटाच देतो. आपल्या हातचं काही असं बाहेर अचानक भेटलं की बरं वाटतं, तसं मला वाटलं. मी वाकलो, चौकटीवर ठोकलेला नंबर वाचला, चारशे सतरा, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं. नंबर मी पुन्हा एकदा वाचला.

आमच्या कारखान्यात कामाला नाव नसतं, नंबर असतो. नकाशा येतो, लोखंड येतं, आम्ही कापतो, रंगवतो, जोडतो, आवळतो, आणि गाडी भरून जाते. ते कुठे जातं, त्यावर कोण उभं राहणार, हे विचारायची पद्धत नाही. विचारलं तरी साहेबांना कुठे ठाऊक असतं, असं लंबू म्हणतो. लंबू माझा जोडीदार. बोल्ट आवळायचं काम जोडीनं करायचं असतं. एकानं लांब दांड्याच्या पान्यानं नट आवळायचा. हवा तेवढा आवळला की पाना टक् करतो. मग त्यानं 'झाला' म्हणायचं, आणि तो शब्द कानावर पडला की दुसऱ्यानं पिवळ्या रंगाच्या पेननं नटावरून पट्टीवर रेघ ओढायची. पुढे कधी नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते, म्हणून ही रेघ. लंबू आवळतो, मी खूण करतो. दिवसभर झाला, झाला, झाला. साहेब तपासणीला येतात ते हात मागे बांधून, आणि फक्त रेघा बघत जातात. नटाला कोणी हात लावत नाही, कारण रेघ आहे म्हणजे नट आवळलेला आहे. इतकं साधं काम आहे ते. माझ्यासारख्या घाबरट माणसाला ते फार मानवलं होतं, कारण मी कुठलीही गोष्ट दोनदा पाहिल्याशिवाय सोडत नाही. घराला कुलूप लावून बसथांब्यापर्यंत गेलेला मी परत येऊन कुलूप ओढून बघतो, आणि बायको थांब्यावरून ओरडते, "काय, आहे का दार जागेवर?"

पण त्या पेनची एक खोड आहे. थंड हवेत त्याच्या टोकाशी रंग गोठून बसतो. पाच-दहा मिनिटं हलवावं, घासावं, शिव्या द्याव्यात, तेव्हा कुठे तो वाहू लागतो, आणि एकदा वाहू लागला की ठेवायचा नाही, ठेवला की पुन्हा बंद. म्हणून आम्ही सगळेच काय करतो, तर पेन वाहता आहे तोवर पुढच्या तीन-चार नटांवर खुणा आधीच मारून टाकतो. मग ते नट आवळायचे. आवळताना रेघ तुटते. ती चिंधीनं पुसायची आणि नवी मारायची. हे कुठल्या कागदात लिहिलेलं नाही, साहेबांना सांगायचं नाही, आणि यात वाईट काही आहे असं आम्हाला कधी वाटलेलं नाही. वर्षापूर्वीच्या त्या थंडीत लंबू दाढ काढायला गेला होता आणि दोघांचं काम मी एकटा करत होतो. आवळायचं, स्वतःच स्वतःला 'झाला' म्हणायचं आणि रेघ मारायची. चारशे सतरा नंबरच्या अकरा चौकटी होत्या, एकेकीला बारा बोल्ट. बाकीच्या दहा झाल्या होत्या, सहाव्या चौकटीचे आठ झाले होते. राहिलेले चार नंबर ठोकलेल्या बाजूचे. पेन वाहता झाला म्हणून मी त्या चारांवर एका दमात खुणा मारल्या, चार रेघा, चार ठिपके, आणि पाना उचलला. तेवढ्यात भांडारातला कारकून दारातून ओरडला की शाळेतून फोन आहे. मुंगी घसरगुंडीवरून पडली होती. रक्त येतंय, शुद्धीवर आहे, पण तुम्ही या. मी पाना खाली ठेवला की बाकावर, तेही आठवत नाही. रस्ता आठवतो, सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून मी पळत होतो तो. तिच्या भुवईवर तीन टाके पडले. दोन दिवस मी घरी होतो. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो तर चारशे सतराची जागा झाडून काढलेली होती. मी लंबूला विचारलं, "सहावी पाहिलीस का रे गाडी भरताना?" तो म्हणाला, "खुणा होत्या ना?" म्हटलं, होत्या. "मग झालं तर. का, काय झालं?" मी म्हणालो, काही नाही. त्यानंतर काही दिवस साहेब माझ्या दिशेनं यायला लागले की मी भांडारात जाऊन उभा राहायचो. मग हळूहळू ते गेलं. फोन येण्याआधी मी ते चार आवळले होतेच, असं मला आठवायलाही लागलं. मनगटाला तो टक् जाणवायचा. पण मनगटानं आयुष्यात लाखभर टक् झेललेत, त्यातले हे चार कुठले, हे मनगटाला काय कळणार.

आणि आता हे सगळं त्या खड्ड्यावर लटकलेलं होतं. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहून चौकटी मोजल्या. अकरा. सहावी बरोब्बर मध्यावर, जिथे पूल सगळ्यात जास्त खाली वाकला होता, आणि जिथे थांबून लोक फोटो काढत होते. शेजारी पाटी होती, एका वेळी वीस माणसं. पाटीजवळच्या खुर्चीवर पहारेकरी होता, पण त्याचं सगळं लक्ष हिरवळीवर होतं. हिरवळ अजून नवी होती, गुंडाळ्या उलगडून अंथरलेल्या गवताचे सांधे दिसत होते, आणि त्यावर पोर उतरलं की तो शिट्टी फुंकायचा. गवत जपायचा हुकूम होता त्याला. मी पुलावरची माणसं मोजली. चौतीस. पुन्हा मोजली, छत्तीस. एक बाई बाळाची गाडी ढकलत चालली होती आणि तिची चाकं फळ्यांवरून जाताना होणारा तो खडखडाट माझ्या दातांत वाजत होता.

"मी नाही बाई येणार," आई म्हणाली. "हे हलतंय."

"आजी, हलणारच. टांगता पूल आहे."

"मग तुम्ही जा टांगायला. मी इथे बसून पिशव्या सांभाळते."

मला हायसं वाटलं. आई आयुष्यात शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढलेली नाही. भिण्याचं हे वळण माझ्यात तिच्याकडूनच आलंय, आणि त्या क्षणी मला ते देणगीसारखं वाटलं. मी म्हणालो, "बरोबर आहे आईचं. आपण पलीकडच्या तळ्याकडे जाऊ. पूल काय, नेहमीचाच आहे." बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती औषधांच्या दुकानात सहा दिवस उभी असते, सातव्या दिवशी घर आवरते, आणि सुट्टीचा वार बदलून हा रविवार तिनं महिनाभर आधी दुकानात मागून घेतला होता. पहाटे उठून तिनं अंडी उकडली होती, पावाला लोणी लावलं होतं, आईच्या गुडघ्याच्या गोळ्या वेगळ्या पुडीत घेतल्या होत्या. ती म्हणाली, "अहो, पूल बघायलाच तर आलोय. तळं काय, घरी बादली आहे." आणि मुंगीनं आईचा हात धरून तिला कठड्याशी नेलं, खाली वाकवलं आणि बोट दाखवलं. "आजी, हे बघ. ही बाबाची खूण. माझ्या पलंगाला आहे ना, तीच. बाबाची खूण असली की काही होत नाही." आईनं बराच वेळ तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू केलायस होय रे हा?" मी म्हणालो, "चौकटी आमच्याकडच्या आहेत." "मग आधी नाही का सांगायचं," आई म्हणाली, आणि पदर खोचून तिनं पहिल्या फळीवर पाऊल ठेवलं.

तेव्हाच मी 'थांब' म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर होता, त्याचा लोखंडासारखा स्वादसुद्धा तोंडात होता. पण थांब म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगायचं तर मुंगीसमोर. पलंगाचा प्रकार असा, की ती पाच वर्षांची असताना खोलीत जागा व्हावी म्हणून मी तिच्यासाठी शिडीचा उंच पलंग बनवला. पहिल्या रात्री ती त्यावर चढेना. मग मी चारी कोपऱ्यांचे नट तिच्यादेखत आवळले, दर वेळी मोठ्यानं 'झाला' म्हटलं आणि पिवळी रेघ मारली. तिनं विचारलं, रेघ कशाला? मी सांगितलं, रेघ म्हणजे बाबानं हातानं बघितलंय, आता हे हलणार नाही. ती लगेच चढली आणि झोपून गेली. तेव्हापासून घरात कुठलंही स्क्रूचं काम निघालं की तिला खूण हवी असते. कुकरच्या दांड्याला, तिच्या सायकलीला, आजीच्या काठीच्या रबरी बुटालासुद्धा, जिथे नट नाही तिथेही. माझ्यासारख्या माणसावर जगात कोणी इतका बिनघोर विश्वास टाकलेला नाही. लग्नाला बारा वर्षं झालेली बायकोसुद्धा मी दार लावलं की एकदा बघून घेते. त्यामुळे 'थांब' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते इतकंच, "सावकाश जा." त्या तिघी पुढे गेल्या. मुंगी मधे, एका हाताला आजी, दुसऱ्याला तिची आई, आणि तिघींच्या पावलांनी फळ्या खालीवर होत होत्या.

मी जागचा हललो नाही. भीती म्हणजे काय ते मला वाटत होतं मला चांगलं माहीत आहे, कारण मी तिच्याबरोबरच वाढलो. लहानपणी आईबरोबर बाजारात गेलो की मी तिच्या पिशवीचा बंद सोडायचो नाही, आणि आई माझं मनगट सोडायची नाही. दोघांपैकी कोण कोणाला सांभाळतंय ते सांगता आलं नसतं. पण ती भीती बाहेरची होती. कुत्रं चावेल, गाडी येईल, शिक्षक विचारतील. ही वेगळी होती. ही मीच बनवून, रंग देऊन, नंबर घालून पाठवली होती आणि ती वर्षभर इथे माझी वाट बघत बसली होती. त्या तिघी तिसऱ्या चौकटीवर पोचल्या. चौथ्या. मी मनात हिशेब करत होतो की बारांपैकी चार नसले तर आठ उरतात, आणि आठांवर चालतं का. आठ एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, म्हणजे भार तिरका येणार, म्हणजे दर पावलाला सैल नट थोडा थोडा उलटा फिरणार. किती पावलं झाली असतील? बाग उघडून चार महिने. रविवारी हजारभर माणसं. मी हिशेब सोडून दिला, कारण आई बरोबर सहाव्या चौकटीवर थांबली होती आणि दम खायला कठड्याला टेकली होती. बायको तिचा आणि मुंगीचा फोटो काढत होती. मग तिनं मला हात केला, या ना, आणि मी गेलो. मी शूर झालो म्हणून नाही गेलो. पडायचंच असेल तर आपण काठावर उभे असताना ते होऊ नये, एवढ्याचसाठी गेलो.

मी कठडा धरून चालत होतो. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसत होतं आणि त्यावर आमच्या सावल्या हलत होत्या. मी तिघींजवळ पोचलो आणि म्हणालो, "चला, पलीकडे चला, ऊन लागतंय आईला." ऊन अजून कोवळंच होतं. त्या हसत पुढे गेल्या. मी मागे राहिलो. नंबरची बाजू डावीकडे होती. मी गुडघ्यांवर बसलो, मग पोटावर आडवा झालो, आणि कठड्याच्या खालच्या गजाखालून हात बाहेर काढून चौकटीच्या पोटाशी नेला. दिसत काहीच नव्हतं. बोटांना गार लोखंड लागलं, रंगाचे फुगवटे लागले, मग पहिला नट. मी त्याला चिमटीत धरून फिरवायला बघितलं. ढिम्म. मी श्वास सोडला. माणसं माझ्यावरून ढांगा टाकत चालली होती. कोणीतरी म्हणालं, मोबाइल पडला वाटतं बिचाऱ्याचा. दुसरा नट. तोही ढिम्म. म्हणजे मी आवळले होते! फोन येण्याआधी आवळले होते, मनगट खोटं बोलत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, फळीवर गाल ठेवून मी खरंच रडलो. तिसऱ्याला मी नुसतं बोट लावलं, घाईघाईनं, उपचार म्हणून. तोही पक्का. चौथ्याला हात पोचेना. मी खांदा गजाखाली दाबला, गज मानेत रुतला, आणि मधल्या बोटाचं टोक नटाला लागलं. तो फिरला. नुसत्या बोटाच्या टोकानं, काही आवाज न करता, बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

म्हणजे तीन आवळून झाल्यावर फोन आला होता. आता सगळं आठवलं. पाना चौथ्या नटावरच अडकवून मी गेलो होतो. मी बोटाचं टोक नटावर दाबून धरलं, जणू मी आहे तोवर त्याला हलू देणार नाही, आणि वरून एक पावलांची जोडी गेली, मग दुसरी, आणि दर पावलाला नट बोटाखाली शहारत होता. मी त्याला बोटानं जमेल तेवढा आवळला. एक फेरा, दुसरा, अर्धा. मग तो थांबला. हातानं आवळलेला नट किती टिकतो ते मला चांगलं माहीत होतं. आणि त्याच वेळी, तिथेच आडवं पडून, मी काय विचार करत होतो ते सांगतो. मी विचार करत होतो की आत्ता उठायचं, कपडे झटकायचे, पलीकडे जाऊन अंडी खायची, आणि उद्या कामावर जायच्या आधी पाना घेऊन एकट्यानं यायचं. पाच मिनिटांचं काम. कोणाला काही कळणार नाही. साहेब विचारणार नाहीत, लंबूची नोकरी जाणार नाही, माझी जाणार नाही. रेघ तुटली असेल ती पुसून नवी मारायची. एका रात्रीत काय होतंय? चार महिने नाही झालं. हा विचार इतका शहाणा होता, इतका माझ्यासारखा होता, की मी उठून गुडघे झटकायलाही लागलो.

पलीकडच्या टोकाशी मुंगी उभी होती. तिथे एक लहान पोरगी आईच्या मागे लपून रडत होती, पुलावर यायला तयार नव्हती. मुंगी तिच्यापुढे उकिडवी बसली होती आणि शेवटच्या चौकटीकडे बोट दाखवून तिला काहीतरी समजावत होती. मला शब्द ऐकू येत नव्हते. ऐकू यायची गरज नव्हती. त्या पोरीनं नाक पुसलं, वाकून पाहिलं, आणि आईचं बोट धरून पहिली फळी चढली.

"थांबा!" मी ओरडलो. आवाज चिरका निघाला, कोणी लक्ष दिलं नाही. मी पुन्हा ओरडलो, "पूल रिकामा करा, सगळे उतरा, हळू, पळू नका!" आणि मधोमध उभा राहून हात आडवे केले. कोणी हसलं, कोणी थबकलं. शिट्टी वाजली. पहारेकरी एकदाचा गवत सोडून पुलाच्या तोंडाशी आला. "काय तमाशा आहे? काय झालं?" "सहाव्या चौकटीचा नट सैल आहे. पूल बंद करा." "तुम्हाला काय माहीत? कोण तुम्ही?" तेवढ्यात मुंगीचा आवाज आला, टिपेला चढलेला, अभिमानानं फुटायला आलेला. "माझा बाबा आहे तो! त्यानंच केलाय हा पूल! त्याची खूण आहे सगळीकडे!" पुलावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्या लहान पोरीच्या आईनं तिला कडेवर उचललं होतं. मी पहारेकऱ्याकडे बघून बोलायचा प्रयत्न केला, पण नजर मुंगीवरून हलेना. "खूण मी केलीय," मी म्हणालो. "नट आवळायच्या आधीच केली. आवळायचा राहिला." पहारेकऱ्याला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते अगदी स्पष्ट ऐकू गेलं.

पूल रिकामा व्हायला पाच-सहा मिनिटं लागली. मी शेवटी उतरलो. मग तासाभरानं बागेचा तंत्रज्ञ पट्टे बांधून खाली उतरला, पान्यानं नट आवळला, बाकीचेही सगळे बघितले, वर आला आणि हात पुसत म्हणाला, "अहो, एका नटानं पूल पडत नसतो. पण बरं केलंत सांगितलंत." त्यानं माझं नाव, कारखान्याचं नाव, चौकटीचा नंबर लिहून घेतला, नट कसा राहिला ते विचारलं, आणि मी शाळेतून आलेल्या फोनचं सांगितलं. उद्या साहेबांना फोन जाईल असं म्हणाला, तेही सहज, हवापाण्याचं बोलावं तसं. बायको माझ्या बाजूला बसून होती. तिनं एक अंडं सोललं आणि माझ्या हातात दिलं, आणि ते माझ्या हातून गवतावर पडलं तेव्हा दुसरं सोललं. आई म्हणाली, "खरं बोललास ते बरं झालं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण मी त्याच्यावर उभी होते रे." मुंगी आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि गवताचा सांधा बोटानं उकलत होती. पहारेकऱ्यानं तिच्यावर शिट्टी वाजवली नाही. बसमधे ती खिडकीशी बसली आणि एका थांब्यापाशी, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "ज्या दिवशी मी पडले होते त्या दिवशी?" मी हो म्हणालो. तिनं भुवईवरच्या टाक्यांच्या जागी हात नेला आणि काढून घेतला. मला सांगायचं होतं की तुझा काही दोष नाही. मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मला माहितीय."

घरी आलो तेव्हा उजेड होता. बायको डबे घासत होती, आई पाय लांब करून बसली होती, मी नुसताच स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. उद्या काय होईल याची भीती मला वाटायला हवी होती, आणि वाटत होतीच, पण ती कुठेतरी बाजूला, ओल्या छत्रीसारखी कोपऱ्यात उभी होती. तेवढ्यात मुंगीच्या खोलीतून लोखंडाचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं. तिनं माझ्या पिशवीतला पाना काढला होता, दोन्ही हातांनी धरला होता आणि पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसली होती. पहिल्या नटावरची माझी पिवळी रेघ तीन वर्षांत फिकी झाली होती, पण होती. तिनं रेघेकडे पाहिलं नाही. "बाबा, आवळायला कुठल्या बाजूला फिरवतात?" मी सांगितलं. मी करू का, असं विचारलं, तर ती नको म्हणाली. तिनं पाना बसवला आणि सगळं वजन टाकलं. नट हलला नाही. "झाला," ती स्वतःशीच म्हणाली आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली. माझा हात खिशातल्या पेनवर होता, तो मी तिथेच ठेवला. दुसरा. तिसरा. चौथ्याला तिनं दोनदा जोर लावला, मग पाना काढून बोटांनी नट चाचपला, सगळीकडून, डोळे मिटून, मी पुलावर केलं होतं तसं. चारही पक्के होते. मी ते पान्यानं आवळले होते, तिच्यादेखत आवळले होते. ती उठली, पाना माझ्या पिशवीत नीट ठेवला, शिडीवरून हात लांब करून वरची उशी ओढून घेतली आणि माझ्या बाजूनं दाराबाहेर जाताना म्हणाली, "आज मी खाली आजीजवळ झोपते."